जपून ठेवलेलं पेट्रोल

“आणि एकदम भरून ठेवलं, तर किती दिवस टिकतं?” वीरबोधीनं विचारलं.

भदन्त उपसेन मशीनच्या टाकीचं टोपण फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशाला टिकवायचं?”

“लागेल तेव्हा असावं म्हणून, भन्ते.”

“लागेल तेव्हा...” म्हातारे भन्ते स्वतःशीच म्हणाले, आणि टोपण घट्ट बसलं की नाही ते बोटांनी चाचपून पाहू लागले.

टेकडीवरचं ते विहार लहान होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं पत्र्याची शेड. खाली जांभूळटोला गाव, आणि बाकी तिन्ही बाजूंनी सागाचं जंगल. माघ सरत आला की साग पान टाकू लागतो. पायथ्याशी पोटरीभर पाला साचतो. मग एवढीशी ठिणगीही पुरते.

भिक्खूनं झाडाची फांदी तोडायची नाही, गवत कापायचं नाही. पण गळून पडलेला पाला बाजूला सारायला विनयाची, म्हणजे भिक्खूंच्या नियमांची, हरकत नाही. म्हणून वनखात्यातून निवृत्त झालेल्या एका उपासकानं हा ब्लोअर दान दिला होता. पाठीवर घ्यायचं मशीन. दोरी ओढली की त्याचं लहानसं इंजिन घुमायला लागतं, नळीतून वारा सुटतो आणि पाला उडत बाजूला होतो. जंगल आणि विहार यांच्यामध्ये बैलगाडी जाईल एवढी मोकळी पट्टी निघते. तिला तिकडं जाळरेषा म्हणतात. आग तिथवर येते, पुढं खायला काही मिळत नाही, आणि विझते.

इतकी वर्षं भदन्त उपसेनच ते मशीन पाठीवर घेत. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनला नागपूरला जायचं होतं. परत येईपर्यंत मोहाची फुलं गळायला लागलेली असणार होती.

मागं राहणार होता वीरबोधी.

वीरबोधी तरुण भिक्खू. विनयाचे नियम त्याला तोंडपाठ. त्याचं चीवर कधी चुरगळलेलं दिसायचं नाही. विहारातली प्रत्येक वस्तू तो जिथल्या तिथं ठेवायचा, आणि ती तशी ठेवलेली आहे हे कुणाच्या लक्षात आलं की त्याला बरं वाटायचं.

“एक लिटर पेट्रोलला तेल मापाच्या या रेघेपर्यंत,” भन्ते म्हणाले. “कमी पडलं तर इंजिन आतून घासतं. मिसळलं की डबा हलवायचा. ओतायच्या आधी पुन्हा हलवायचा. काम झालं की टाकी रिकामी करायची, आणि आपणहून बंद पडेपर्यंत मशीन चालू ठेवायचं.”

“आपणहून बंद पडेपर्यंत कशाला?”

“आत राहिलेला थेंब आतच सुकतो. चिकट होतो. मग नव्या पेट्रोललाही वाट देत नाही.”

“आणि डबा?”

“लहान. सावलीत. महिन्याभरात संपेल एवढंच मिसळायचं.”

“महिन्याभरात नाही संपलं तर?”

“संपवायचं.”

“आगच लागली नाही, तर कशावर संपवायचं, भन्ते?”

भन्तेंनी हनुवटीनं खाली दाखवलं. पायथ्याशी मोहाची मोठमोठी झाडं उभी होती. त्यांच्यापलीकडं सुकवारोबाईची झोपडी.

वीरबोधीनं तिकडं पाहिलं. त्याला झाडं दिसली.

“भन्ते, एक विचारू? आपण उद्यासाठी भात ठेवत नाही. तूप, लोणी, तेल, मध, गूळ, आजारपणात घेतलं तरी सात दिवस. त्यापुढं ठेवलं तर दोष. मग पेट्रोलला महिना कसा चालतो?”

भदन्त उपसेन हसले.

“बुद्धांच्या काळी पंप नव्हता.”

वीरबोधीला हसू आलं नाही. आपला प्रश्न चांगला होता असं त्याला वाटत होतं.

“म्हणजे याला नियम नाही.”

“नाही.”

“मग आपणच ठरवायचं.”

“ठरव... पण वास घेऊन ठरव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिक रंगारीच्या मोटारसायकलवर मागं बसून भन्ते गेले. पुंडलिक गावातला उपासक. फाट्यावर त्याचं गाड्या दुरुस्त करायचं दुकान होतं, आणि विहाराला लागेल ते तोच आणून द्यायचा.

वीरबोधीनं जाळरेषा साफ केली. एकदाच केली, पण अशी केली की पुंडलिक पाहायला आला तेव्हा म्हणाला, “अंगण झाडल्यावाणी वाटते जी.”

नंतर वीरबोधी विचार करत ओट्यावर बसला. पंप तालुक्याला. भिक्खूनं पैशाला हात लावायचा नाही, म्हणजे दर वेळी पुंडलिकची वाट पाहायची. नेमकी आग लागेल त्या दिवशी पुंडलिक कुठं लग्नाला गेलेला असला तर?

त्यानं एकदमच सांगितलं. पुंडलिकनं चार मोठे डबे आणून दिले. वीरबोधीनं माप डोळ्यांसमोर धरून, रेघेला रेघ लावून, सगळ्यात तेल मिसळलं. बुचं आवळली. डबे शेडमधल्या फळीवर ओळीनं मांडले आणि प्रत्येकावर खडूनं ‘वणवा’ असं लिहिलं. मशीनची टाकीही काठोकाठ भरली. वेळ आली तर भरत बसायला नको. मग मशीनवर धुतलेलं फडकं टाकलं.

पुंडलिक डोकं खाजवत उभा होता.

“इतकं एकदम नव्हतं बनवाचं जी. आजकालच्या पेट्रोलात स्पिरिट राहते. हवेतलं पाणी ओढते ते.”

“डबे घट्ट बंद आहेत, उपासक.”

“पाहून घ्या जी...”

फाल्गुन उलटत होता तेव्हा एका सकाळी सुकवारोबाई टेकडी चढून वर आली. वयानं साठीच्या पुढची, एकटी. पहाटे मोहाची फुलं वेचायची, चटईवर वाळवायची, थोडी विकायची, थोडी ठेवायची. पावसाळ्याचे महिने ती त्या फुलांवर काढायची.

ती ओट्याच्या खालीच थांबली.

“मोह टपकून राहिला जी, भन्तेजी. खाली मोठा पाला झाला. फूल दिसत नाही. मशीन कधी आणता?”

“मशीन?”

“मोठे भन्तेजी आणत होते. आठ-पंधरा दिवसांनी एक चक्कर. झाडाखालून साफ झालं का मंग वेचाले सोपं जाते.”

“ते वेगळं, बाई. हे मशीन वणव्यासाठी आहे. पेट्रोल जपून ठेवलंय. तुमच्या फुलांपायी डबे रिकामे झाले आणि उद्या आग लागली, तर?”

“हाव,” मान डोलवत ती म्हणाली.

तिनं शेडकडं पाहिलं.

“मंग झाडूनच पाहावं लागन.”

आणि ती उतरून गेली.

त्या संध्याकाळी ध्यानाला बसताना वीरबोधीला समाधान वाटत होतं. नाही म्हणायचं होतं, तिथं नाही म्हणता आलं. आवाजही चढला नव्हता.

भदन्त उपसेन चैत्रात परतले. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. पुंडलिकच्या मोटारसायकलवरून उतरले, ओट्यावर बसून पाणी प्यायले. वीरबोधीनं वंदन केलं. भन्तेंनी आशीर्वाद दिला आणि विचारलं,

“मशीन चालतं?”

“तयार आहे, भन्ते. या, दाखवतो.”

शेडचा पत्रा तापला होता. आत चुलीजवळ असावं तसं वाटत होतं. फळीवर चार डबे, एका ओळीत. फडक्याखाली मशीन. वीरबोधी बाजूला सरून उभा राहिला.

भन्तेंनी एका डब्याचं बूच काढलं. नाक जवळ नेलं. बूच पुन्हा लावलं.

“मोहाखाली गेला होतास?”

“नाही, भन्ते. त्या बाई आल्या होत्या. मी समजावून सांगितलं त्यांना. एक थेंब वाया घालवला नाही.”

भन्तेंनी दुसऱ्या डब्याचं बूच काढून वास घेतला.

“डबे घट्ट होते, भन्ते. काही उडालेलं नाही. उचलून पाहा, तेवढंच आहे.”

“तेवढंच आहे,” भन्ते म्हणाले. “पण तेच नाही.”

“म्हणजे?”

“पुंडलिक, उद्या एक लिटर ताजं आण. तुझे पाने पण आण. मशीन उघडून साफ करावं लागेल.”

“हो जी.”

वीरबोधीचा चेहरा उतरला. हे पुंडलिकसमोर बोलायला नको होतं, असं त्याला वाटलं.

“आधी चालवून तर पाहा, भन्ते. मी दाखवतो, पहिल्या ओढीला—”

पुंडलिक एकदम दारात गेला होता. त्यानं नाक वर केलं.

“काहीतरी जळून राहिलं जी.”

तिघंही बाहेर आले. मोहाच्या बाजूनं धूर चढत होता. आधी पांढरा, आणि पाहता पाहता पिवळट. वारा टेकडीकडंच वाहत होता. सागाची वाळकी पानं पेटली की फुटाण्यांसारखी वाजतात. तो आवाज वर येऊ लागला.

“मी गावात सांगतो,” म्हणून पुंडलिकनं मोटारसायकल उतारावर सोडली.

वीरबोधीनं फडकं ओढून टाकलं, मशीन पाठीवर घेतलं आणि धावत खाली गेला.

जाळरेषेपाशी पोचला तर जाळरेषा दिसेना. त्यानं साफ केली होती त्यानंतरही साग पान टाकतच होता. सगळीकडं सारखाच पाला.

वीस-पंचवीस हातांवर आग होती. अजून कमरेएवढीही नव्हती. पुढचा पाला उडवला असता तर जागीच बसली असती.

त्यानं दोरी ओढली.

मशीन खोकलं.

पुन्हा ओढली. पुन्हा. चौथ्यांदा इंजिन धरलं, काळा धूर टाकला, दोन-तीन आचके दिले आणि बंद पडलं. मग नुसती दोरी हातात यायची. वीरबोधीच्या तळहाताला फोड आला आणि फुटला. तो ओढत राहिला.

“हो ना...” तो दातांवर दात धरून मशीनला म्हणत होता. “हो ना सुरू...”

भदन्त उपसेन त्याच्या मागून काठी टेकत खाली आले होते. क्षणभर थांबून त्यांनी पाहिलं. मग ते पळसाच्या एका खालच्या फांदीकडं गेले.

कडकन आवाज झाला.

वीरबोधीनं वळून पाहिलं. त्याच्या माहितीत भन्तेंनी कधी एक पान तोडलं नव्हतं. वाटेवर गवताची काडी आडवी आली तरी ते तिला वळसा घालून जायचे.

पुन्हा कडकन आवाज झाला.

भन्ते दोन हिरव्या फांद्या घेऊन आले. एक त्याच्यासमोर धरली.

“ते उतरव. ही धर.”

वीरबोधीनं मशीन उतरवलं आणि फांदी धरली.

पुंडलिक माणसं घेऊन आला. कुणाच्या हातात फांद्या, कुणाच्या हातात ओलं पोतं. सगळे आगीच्या कडेकडेनं झोडपत निघाले. धुरानं डोळे उघडत नव्हते. भन्तेंना डोळ्यांवर धग लागू द्यायची नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुंडलिकनं तीनदा त्यांना मागं ओढलं. तिन्ही वेळा ते पुन्हा पुढं आले.

वारा पडला तेव्हा आगही नमली. एका अंगानं ती नाल्याच्या रेतीत जाऊन विझली, दुसऱ्या अंगानं माणसांनी मारली. विहार वाचलं. गाव वाचलं. सुकवारोबाईची झोपडी वाचली. शेळ्या तिनं आधीच सोडल्या होत्या, पण शेळ्यांचं छप्पर गेलं. अंगणात चटयांवर वाळत घातलेला मोह गेला. दोन झाडं शेंड्यापर्यंत करपली.

ती अंगणात उभी होती. हातात रिकामी घागर.

वीरबोधी तिच्यासमोर येऊन थांबला. त्याचं चीवर काळं झालं होतं, छाती वरखाली होत होती.

“कोणी पेटवला पाला?”

“म्या,” ती म्हणाली. “सकाळी. इझवलं होतं जी. दुपारी वारा सुटला.”

“पेटवायचा कशाला? एवढं जंगल समोर असताना पाला पेटवतं कोणी?”

त्याचा आवाज चढला होता. लोक बघायला लागले.

“झाडून झाडून हात गेले जी. रात्रीतून पुन्हा पडते. पाल्यात फूल दिसत नाही...” तिनं घागर खाली ठेवली. “मशीन आली नाही.”

तिनं हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं.



भदन्त उपसेन तिच्या अंगणातल्या निखाऱ्यांवर पाणी शिंपडत होते. त्यांनी मान वळवली नाही.

दिवस मावळताना दोघं विहारात परतले. हातपाय धुतले. भन्तेंचे डोळे लाल झाले होते. वीरबोधीनं त्यांना औषधाचे थेंब घातले, आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. आता बोलतील, असं त्याला वाटत होतं. बोलावं, असंही वाटत होतं.

भन्ते थोडा वेळ डोळे मिटून बसले. मग उठले, चीवर एका खांद्यावर नीट घेतलं आणि वीरबोधीसमोर येऊन उकिडवे बसले. हात जोडले.

वीरबोधी दचकला.

“भन्ते! हे काय?”

“बैस. दोष सांगायचा आहे. विहारात दुसरा भिक्खू कोण आहे?”

वीरबोधी घाईघाईनं समोर उकिडवा बसला. थोरल्या भिक्खूनंही धाकट्यासमोर दोष सांगायचा, हे त्यानं वाचलं होतं. पाठही होतं. असं समोर कुणी कधी बसलं नव्हतं.

“हिरव्या फांद्या मोडल्या,” भन्ते म्हणाले. “दोन.”

“भन्ते... वणव्यात मुभा आहे. ग्रंथात आहे तसं.”

“असेल. मुभा आठवून मोडल्या नाहीत मी.”

“एक माझ्यासाठी मोडलीत.”

“मोडली मीच.”

वीरबोधीनं खाली पाहिलं.

“आणि आणखी एक आहे,” भन्ते म्हणाले. “मशीन सुरू होईना तेव्हा मला तुझा राग आला. साधा नाही. ते मशीन तुझ्या पाठीवरून हिसकावून फेकावं असं वाटलं. फांदी मोडली ती त्याच हातानं.”

बाहेर करपल्याचा वास होता. एखादं खोड अजून कुठं तरी तडतडत होतं.

“हे तुम्ही उद्या सांगितलं असतं तरी चाललं असतं, भन्ते. तुमचे डोळे...”

“उद्यापर्यंत मी त्याला कारणं जोडली असती.”

नियमाप्रमाणं त्यानं विचारायचं होतं. त्यानं विचारलं.

“दोष दिसतो का, भन्ते?”

“दिसतो.”

“पुढं जपाल?”

“जपेन.”

भन्ते उठले, आपल्या जागेवर जाऊन बसले. चेहरा मोकळा झाला होता. गरम पाणी मागितलं, आणि ते फुंकत फुंकत पिऊ लागले.

वीरबोधी तिथंच बसून होता. आता आपली पाळी, हे त्याला कळत होतं. त्यानं तोंड उघडलं.

“भन्ते, मी...”

भन्ते थांबले.

“मी सगळं बरोबर केलं होतं,” वीरबोधी म्हणाला. “माप बरोबर होतं. डबे घट्ट होते. सावलीत होते.”

“हो.”

“थेंबसुद्धा सांडला नाही.”

“हो.”

“मग...”

भन्तेंनी बराच वेळ वाट पाहिली. मग पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि आडवे झाले.

पुंडलिक सकाळी उजाडतानाच आला. एक लिटर पेट्रोल, पिशवीत पाने, एक जुना ब्रश. त्यानं मशीन ओट्यावर घेऊन उघडलं. कार्ब्युरेटर हातात धरून वीरबोधीला दाखवला. आत हिरवट, चिकट थर बसला होता, सुकलेल्या गोंदासारखा. बारीक भोकं बुजून गेली होती.

“टाकी भरून ठेवली होती ना जी, ते इथं सुकलं,” तो म्हणाला.

वीरबोधीनं बोट लावून पाहिलं. थर बोटाला लागून आला. त्यानं तो नाकाशी नेला. वार्निशचा उग्र वास आला. शेडमधल्या फळीवरचा एक डबा आणून, उघडून त्यानं त्याचा वास घेतला. मग पुंडलिकनं आणलेल्या पेट्रोलचा. कितीतरी वेळ तो आलटून पालटून वास घेत राहिला.

“याचं आता काय करायचं?” डब्याकडं पाहत त्यानं विचारलं.

“मातीत नका ओतू जी. दुकानात नेतो. सुटे भाग धुवाले कामी येते.”

पुंडलिकनं भोकं मोकळी केली, पुसून सगळं बसवलं. वीरबोधीनं एका लहान डब्यात तेल मोजून मिसळलं, डबा हलवला, टाकीत थोडंसं ओतलं. दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजिन लागलं. ओट्यावरची धूळ उडाली.

त्याला हसू आलं नाही. त्यानं मशीन बंद केलं.

“भन्ते, मी आत्ता मोहाखाली जाऊन येतो. वाचलेल्या झाडांखाली तरी...”

“आधी पिंडपात,” भन्ते म्हणाले. “वेळ झाली.”

दोघांनी भिक्षापात्रं घेतली आणि टेकडी उतरू लागले. पुढं भदन्त उपसेन, चार पावलं मागं वीरबोधी. वाटेच्या दोन्ही बाजूंना जमीन काळी होती. पाय ठेवला की राख उडायची.

उतार संपला, तिथं गावाकडं जाणारी वाट डावीकडं वळत होती. सुकवारोबाईची झोपडी उजवीकडं.

भन्ते उजवीकडं वळले.

“भन्ते,” वीरबोधी मागून हळूच म्हणाला. “आज ते घर सोडू या.”

भन्ते चालत राहिले.

“त्यांच्याकडं काय उरलंय द्यायला? आणि मी काल... सगळ्यांसमोर...”

भन्ते चालत राहिले. झोपडीच्या दारासमोर जाऊन उभे राहिले, नेहमीसारखे, नजर खाली. वीरबोधीला त्यांच्या मागं उभं राहावं लागलं.

आतून भांड्याचा आवाज आला. शेळ्या बाहेरच्या खुंटीला बांधल्या होत्या. जळलेल्या छपराचे वासे कुणी तरी एका बाजूला रचून ठेवले होते.

सुकवारोबाई बाहेर आली. हातात ॲल्युमिनियमचं लहान पातेलं. वाफ निघत होती.

“जास्त नाही जी आज,” ती म्हणाली.

तिनं भन्तेंच्या पात्रात भात घातला. दोन्ही हात जोडले. मग पातेलं घेऊन वीरबोधीसमोर आली.

वीरबोधीनं पात्र छातीशी धरलं होतं. त्याचा हात झाकणावर होता. झाकणावरून हात निघेना.

पातेल्यात तळाशी थोडासा भात होता. तिचा दिवसभराचा असावा.

“बाई,” तो म्हणाला. “काल जे झालं... ते तुमच्यामुळं नाही झालं. तुम्ही मागायला आला होता. मी मशीन दिलं नाही. आणि वर तुम्हालाच...”

सुकवारोबाईनं त्याच्याकडं पाहिलं.

“हाव जी,” ती म्हणाली. “मालूम आहे.”

तिच्या मुठीत भात होता. मूठ त्याच्या पात्रावर थांबली होती. बोटांतून वाफ येत होती.

तो तसाच उभा होता. डोळ्यांतून पाणी ओघळून हनुवटीवर आलं होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

“मी कसं घेऊ, भन्ते?” तो म्हणाला.

शेळी एकदा ओरडली, गप्प झाली.

“चटके बसून राहिले जी हाताले,” सुकवारोबाई म्हणाली.

भदन्त उपसेन पुढं तोंड करून उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

“झाकण काढ,” ते म्हणाले.